परवाना पंधरा रुपयांचा

स्मरणिका समितीने ‘संस्थेचा इतिहास’ लिहायला सांगितला तेव्हा मी विचारलं, कोणत्या संस्थेचा? आपल्या श्रोता मंडळाला ना घटना, ना नोंदणी, ना कार्यालय. कोथरूडमधल्या एका बागेतला सिमेंटचा बाक, त्यावर एक ट्रान्झिस्टर आणि सकाळचं फिरणं आटोपून त्याच्याभोवती टेकलेली आठ-दहा माणसं, एवढीच आपली स्थावर-जंगम मालमत्ता. वर्गणी म्हणजे पाळीपाळीने आणायचे सेल. हा इतिहास इथेच संपला.

मग ठरलं, की ज्या संस्थेमुळे आपण त्या बाकावर बसतो तिचा इतिहास लिहावा. आकाशवाणीचा, त्यातही आपल्या पुणे केंद्राचा. गौरवपर नको, ते पुष्कळांनी लिहून झालंय, असं समितीतल्या वहिनींनी बजावलं. वहिनी आयुष्यभर हिशेब तपासनीस होत्या. “जमाखर्च लिहा,” म्हणाल्या. “तिला पैसे कोणी दिले आणि त्याबदल्यात तिच्याकडून काय काय वदवून घेतलं, तेवढं लिहा. बाकी आठवणी लोक आपापल्या काढतील.” हा तोच जमाखर्च. चूकभूल द्यावी घ्यावी.

माझ्या कपाटात वडिलांच्या रेडिओ परवान्याचं पुस्तक आहे. तळहाताएवढं, कडा मऊ पडलेल्या. आत त्यांचं नाव, सदाशिव पेठेतला पत्ता, सेटची बनावट आणि मग वर्षावर्षाचे पोस्टाचे गोल शिक्के. काही इतके ठसठशीत की मागच्या पानावर उमटलेत, काही इतके पुसट की शिक्का मारणाऱ्याला घरी जायची घाई झालेली असणार. वर्षाला पंधरा रुपये. मुदत संपत आली की वडील ते पुस्तक सदऱ्याच्या खिशात घालून पोस्टात जायचे आणि परत आल्यावर देवासमोर ठेवायचे. १९३३ च्या कायद्याने परवान्याशिवाय रेडिओ नुसता घरात असणंही गुन्हा होता. पैसे आपण मोजायचे आणि ऐकायची परवानगीही आपणच मागायची! पण त्या पंधरा रुपयांचा एक गुण मला फार उशिरा कळला. एखादं भाषण रटाळ झालं, बातम्यांत मंत्र्यांच्या उद्घाटनांची माळ लागली, की वडील म्हणायचे, “पंधरा रुपये मोजलेत मी.” आणि खरोखरच पोस्टकार्ड लिहायला बसायचे. आधी आपल्या परवान्याचा उल्लेख करायचा, मग तक्रार. त्या कार्डांनी काही बदललं असेल असं वाटत नाही, पण ती लिहिताना त्यांची पाठ ताठ असायची.

पैशाची ही कथा मात्र पुणे केंद्राच्या बरीच आधी सुरू होते. २३ जुलै १९२७ ला मुंबईत व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचं उद्घाटन झालं. कंपनी खासगी होती. परवाना दहा रुपयांचा, त्यातले आठ कंपनीला मिळत. तिचा सगळा डोलारा या आठ रुपयांवर उभा होता, आणि तीन वर्षांत परवानेधारक आठ हजारांच्या पुढे गेले नाहीत. १९३० मध्ये कंपनीने हात टेकले. एप्रिलपासून सरकारने तो कारभार स्वतःकडे घेतला. घेतला खरा, पण दीड वर्षात, ऑक्टोबर १९३१ मध्ये, परवडत नाही म्हणून बंद करायचंही ठरवलं. त्यावर ओरड झाली आणि नोव्हेंबरात निर्णय मागे घेतला गेला. खर्च भागवायला परदेशी रेडिओसंचांवरची जकात वाढवली. सरकारने बंद करायचं, लोकांनी गलका करायचा, सरकारने माघार घ्यायची, हा प्रयोग नव्वदेक वर्षांनी पुण्यात पुन्हा लागला. त्याच्याकडे येऊच.

१९३५ मध्ये बीबीसीतून लायोनेल फील्डन नावाचे गृहस्थ नियंत्रक म्हणून आले आणि १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव पडलं. बीबीसीही परवान्याच्या पैशावर चालत होती. मग फरक कुठे पडला? तिथे तो पैसा सनदेने बांधलेल्या, सरकारपासून वेगळ्या महामंडळाकडे जात होता. इथे तो सरकारी खात्यात जमा होत होता. फील्डनसाहेब महामंडळाच्या सवयी घेऊन आले आणि सचिवालयाच्या फायलींत अडकले. इंग्रज गेले, खातं राहिलं. १९४७ नंतर ज्यांनी ते खातं हाती घेतलं त्यांच्यापैकी कित्येकांनी इंग्रजांच्या तुरुंगात असताना याच रेडिओला शिव्या घातल्या असतील. पण खुर्चीत बसल्यावर माइक आपल्याकडे वळलेला कोणाला आवडत नाही?

पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला, शिवाजीनगरात. तेव्हा कोथरूड म्हणजे गाव. मळे, गुऱ्हाळं आणि कर्वे रस्त्याच्या पलीकडे अंधार, असं जुनी मंडळी सांगतात. माहिती-प्रसारण खात्याचे मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, जन्माने पुणेकरच. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं ते त्या खुर्चीत होते, आणि आकाशवाणीवर इतका खोल ठसा दुसऱ्या कुठल्या मंत्र्याने उमटवला असेल असं मला वाटत नाही. त्यांना सिनेमाची गाणी सोसत नसत. त्यांच्या काळात सिनेसंगीत आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झालं. हार्मोनियमला तर १९४० पासूनच बंदी होती, ती त्यांनी उठवली नाही. परिणाम असा, की परवान्याचे पैसे भारत सरकारला देणारा श्रोता रेडिओ सिलोन लावून बसला, आणि अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ घराघरांत पोचली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला ‘विविध भारती’ काढून गाणी परत आणावी लागली. पक्षपात म्हटलं की आपल्याला निवडणूक आठवते. पण मंत्र्याची आवड हाही पक्षपातच, आणि तो पकडायला जास्त अवघड, कारण त्यात स्वार्थ नसतो. केसकर प्रामाणिक होते, अभिरुचीचे होते. देशाने काय ऐकावं हे आपल्याला कळतं, अशी त्यांची मनापासून खात्री होती, हीच अडचण.

आणि आता जमेची बाजू, नाहीतर वहिनी ताळेबंद नापास करतील. याच केसकरांच्या काळात, याच सरकारी पैशावर, पुणे केंद्राने ‘गीत रामायण’ केलं. केंद्रावरचे सीताकांत लाड यांची कल्पना, ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पहिलं गीत प्रसारित झालं, १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीला शेवटचं. आठवड्याला एक याप्रमाणे बावन्न गीतं ठरली होती. अधिक महिना आला आणि छप्पन्न झाली. कुठल्या जाहिरातदाराने वर्षभर दर आठवड्याला एक नवं गाणं, नवा वाद्यमेळ, नवा गायक यांचा खर्च सोसला असता? व्यंकटेश माडगूळकर त्याच सुमारास ग्रामीण कार्यक्रमांसाठी केंद्रावर आले आणि पुढे तीन दशकं तिथेच रमले. ज्योत्स्ना देवधर स्त्रियांच्या कार्यक्रमात होत्या. सुधा नरवणे यांचा बातम्या देणारा आवाज आमच्या पिढीच्या चहाबरोबर मिसळलेला आहे. सरकारी नोकरीत राहून, सरकारी कागदावर सह्या करून या लोकांनी हे सगळं उभं केलं. म्हणून सार्वजनिक पैसा ओतला की भाट तयार होतात, असं सरसकट म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. त्याच तिजोरीतून ‘गीत रामायण’ही निघालं होतं.

१९६४ मध्ये सरकारने अशोक चंदा यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. हे चंदा देशाचे माजी महालेखापरीक्षक, म्हणजे वहिनींच्याच जातकुळीचे. त्यांनी १९६६ मध्ये अहवाल दिला, की आकाशवाणी खात्याच्या कचाट्यातून काढा, स्वतंत्र महामंडळ करा. सरकारचं म्हणणं पडलं, अजून वेळ आलेली नाही. त्याऐवजी १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन ठिकाणी विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. प्रयोगासाठी पुणं निवडलं याचा आम्हाला कोण अभिमान! उत्पन्न वाढलं, पण ते गेलं सरकारी जमाखात्यातच. चंदांच्या शिफारशीतला पैसा तेवढा उचलला, मोकळीक बाजूला ठेवली.

त्याची किंमत १९७५ मध्ये कळली. २६ जूनच्या सकाळी इंदिरा गांधींनी आकाशवाणीवरून आणीबाणी जाहीर केली तेव्हा मी कॉलेजात होतो. आमच्या घरात रेडिओभोवती शेजारचेही जमले होते आणि भाषण संपल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. दोन-तीन दिवसांत माहिती-प्रसारण खात्यातून इंद्रकुमार गुजराल गेले, विद्याचरण शुक्ल आले. आकाशवाणी हे सरकारचं अंग आहे, तिने सरकारची बाजू मांडायची, ज्याला पटत नसेल त्याने नोकरी सोडावी, असं पंतप्रधानांनी केंद्र-संचालकांना त्या सुमारास बजावलं. किशोरकुमारांनी सरकारी प्रचाराच्या कामाला नकार दिला, तर १९७६ मध्ये त्यांची गाणीच हवेतून नाहीशी झाली. पुढे या काळाच्या चौकशीसाठी नेमलेल्या शहा आयोगाने हिशेब मांडला. आणीबाणीतल्या एका महिन्यातल्या बातमीपत्रांत सत्ताधारी पक्षाच्या वाट्याला दोन हजारांवर ओळी आल्या होत्या, विरोधकांच्या वाट्याला तीन डझनांपेक्षाही कमी.

त्या दिवसांत पुण्यातली कितीतरी माणसं येरवड्याच्या तुरुंगात होती, वेगवेगळ्या विचारांची, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी. बाहेर त्यांचे नातेवाईक रात्री खिडक्या लावून बीबीसीची हिंदी सेवा लावायचे. आमच्याकडेही लावत. वडिलांनी त्याही वर्षी पंधरा रुपये भरले. पुस्तकात १९७६ चा शिक्का आहे, चांगला ठळक. पोस्टकार्ड मात्र त्या वर्षी एकही लिहिलं नाही.

१९७७ च्या निवडणुकीत राजकीय पक्षांना आकाशवाणी-दूरदर्शनवर बोलायला पहिल्यांदा वेळ मिळाला. आधी आकाशवाणीत आणि मग दूरदर्शनमध्ये काम केलेले पु. ल. देशपांडे जनता पक्षाच्या प्रचाराला उतरले होते. ६ फेब्रुवारीला दिल्लीत रामलीला मैदानावर विरोधकांची सभा होती, तेव्हा लोकांना घरी बसवायला दूरदर्शनने ‘बॉबी’ दाखवला आणि तरी मैदान भरलं, ही गोष्ट आता दंतकथेसारखी सांगतात, पण ती घडलेली आहे. पुण्यातून मोहन धारिया जनता पक्षातर्फे निवडून आले, दिल्लीत सरकार बदललं. नव्या सरकारने माध्यमांच्या गैरवापरावर श्वेतपत्रिका काढली आणि बी. जी. वर्गीज यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. वर्गीज समितीने फेब्रुवारी १९७८ मध्ये ‘आकाश भारती’ नावाचा विश्वस्त निधी सुचवला. सरकारचं नव्हे, जनतेचं विश्वस्त मंडळ.

इथे जमाखर्चात एक विचित्र नोंद येते. आणीबाणीत तुरुंगात गेलेली माणसं आता मंत्री होती. लालकृष्ण अडवाणींकडे हेच खातं होतं. आकाश भारती आणायला यांच्यापेक्षा योग्य कोण? पण १९७९ मध्ये जे विधेयक आलं ते वर्गीज समितीच्या शिफारशींपेक्षा कितीतरी पातळ होतं, आणि लोकसभा विसर्जित झाल्यावर तेही बुडालं. आपल्याला लागलेला चटका दुसऱ्याला लागू नये एवढं शहाणपण सत्तेत आल्यावर दोन वर्षंही टिकलं नाही. मला यात लबाडीपेक्षा माणसाचा स्वभाव जास्त दिसतो, पण माझ्या दिसण्याने ताळेबंद बदलत नाही.

मधल्या काळात चित्रपेटी आली होती. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे ते पुण्याला दिसू लागलं. आम्ही कोथरूडला राहायला आलो ते ऐंशीच्या दशकात. तेव्हा इथल्या प्रत्येक गच्चीवर माशाच्या सांगाड्यासारखा अँटेना असायचा आणि सगळे सांगाडे एकाच दिशेला, सिंहगडाकडे, तोंड करून उभे. वारा सुटला की एखादा हलायचा. मग एक जण गच्चीवर, एक जिन्यात, एक टीव्हीसमोर, आणि “आलं का?”, “गेलं!”, “थांब, थांब, तिथेच ठेव!” अशी आरोळ्यांची साखळी सुरू. तानाजीनंतर सिंहगडाकडे एवढ्या आशेने पुण्याने पाहिलं नसेल. सिग्नल मुंबईहून येई आणि मुंबईकडे दिल्लीहून. संध्याकाळी बातम्यांत पंतप्रधान विमानातून उतरायचे, हार घालून घ्यायचे, पुन्हा विमानात चढायचे.

३१ ऑक्टोबर १९८४ ला सकाळी इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. बीबीसीवर दुपारीच बातमी होती, आकाशवाणीने मृत्यू जाहीर केला तो संध्याकाळी. बंगालच्या दौऱ्यावर असलेल्या त्यांच्या मुलानेही बीबीसीच लावली होती. पंतप्रधानांच्या घरातला माणूस देशाच्या रेडिओवर विसंबून राहिला नाही, याहून बोलका शेरा कुठल्या समितीने मारला नाही.

आणि त्यानंतर लगेच, १९८५ मध्ये, रेडिओ-टीव्हीचा परवानाच रद्द झाला. आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. पोस्टातली रांग गेली, पुस्तक गेलं, दंडाची भीती गेली. वडील तेव्हा हयात होते. त्यांनी ते पुस्तक रद्दीत न टाकता कपाटात ठेवलं आणि एवढंच म्हणाले, “आता कशाच्या जोरावर लिहायचं?” मला तेव्हा ते म्हातारपणाचं कुरकुरणं वाटलं. पैसे तर आपण त्यानंतरही देतच राहिलो, करातून. फक्त त्याची पावती मिळेनाशी झाली. परवाना घेणारा श्रोता ग्राहक तरी होता, करातून देणारा कोणीच नाही. अर्थसंकल्पातल्या एका ओळीला पोस्टकार्ड कसं लिहिणार?

आकाशवाणी-दूरदर्शनला स्वायत्त महामंडळाकडे सोपवणारा प्रसार भारतीचा कायदा अखेर १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारने केला आणि लागलीच तो फायलीत झोपला. सात वर्षं. जाग आली ती दोन धक्क्यांनी. एक, उपग्रह वाहिन्यांचा. १९९१ पासून आकाशातून परदेशी वाहिन्या उतरू लागल्या आणि सरकारची मक्तेदारी गच्चीवरच्या ताटल्यांत विरघळली. दुसरा, सर्वोच्च न्यायालयाचा. बंगालच्या क्रिकेट संघटनेने १९९३ च्या हीरो करंडकाचं प्रक्षेपण परदेशी कंपनीला विकलं, दूरदर्शनशी वाद झाला, आणि त्या क्रिकेटच्या भांडणातून ९ फेब्रुवारी १९९५ चा निकाल निघाला: रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती सरकारच्या मालकीची नाही आणि पैसेवाल्यांच्याही नाही, तिचं नियमन स्वतंत्र प्राधिकरणाने करावं. हा निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. ते निवृत्तीनंतर पुण्यातच राहिले आणि २०२१ मध्ये इथेच वारले. आपल्या बाकावर त्यांच्या नावाची चर्चा झाली ती वेगळ्याच, अलीकडच्या वादांमुळे. या निकालाबद्दल फार थोड्यांना ठाऊक होतं.

सप्टेंबर १९९७ मध्ये कायदा लागू झाला, नोव्हेंबरात प्रसार भारती अस्तित्वात आली. पंतप्रधान होते इंद्रकुमार गुजराल, १९७५ मध्ये ज्यांना त्या खात्यातून हलवलं होतं तेच. न्याय झाल्यासारखं वाटलं. वर्षभरात सरकार बदललं आणि १९९८ मध्ये वटहुकमाने वयोमर्यादा आणून पहिल्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना घरी पाठवण्यात आलं. कायद्यातही केंद्र सरकारला निर्देश देण्याची सोय ठेवलेली होतीच. आणि सगळ्यात मोठी गोम पैशाची. पगार केंद्र सरकार देतं, त्यासाठी वर्षाला अडीच हजार कोटींच्या आगेमागे अनुदान येतं. यंत्रसामग्रीसाठी जानेवारी २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने २,५३९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तीही सरकारचीच. घर वेगळं थाटून दिलं, पण किराणा सासऱ्यांकडूनच! असा जावई सासऱ्यांसमोर किती बोलेल, हे कोथरूडकरांना समजावून सांगायला नको.

२०१४ चं वर्ष तर अभ्यासाला लावावं असं आहे. एप्रिलात काँग्रेसचं सरकार होतं. दूरदर्शनने नरेंद्र मोदींची मुलाखत घेतली आणि त्यातला काही भाग कापून दाखवला. बोंब झाली. प्रसार भारतीचे तेव्हाचे प्रमुख जवाहर सरकार यांनीच कबूल केलं, की वृत्तविभाग आणि मंत्रालय यांची नाळ तुटलेली नाही. मे महिन्यात सरकार बदललं. ३ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, पंतप्रधानांची पहिली ‘मन की बात’ आकाशवाणीवरून झाली आणि त्याच दिवशी दूरदर्शनने नागपूरहून सरसंघचालकांचं भाषण थेट दाखवलं. खात्याचे मंत्री होते पुण्याचे प्रकाश जावडेकर, आणीबाणीत स्वतः तुरुंगात गेलेले. त्यात बातमीमूल्य होतं, असं त्यांनी समर्थन केलं. पुढे २०२० मध्ये प्रसार भारतीने पीटीआय या वृत्तसंस्थेची सेवा बंद केली, २०२३ मध्ये हिंदुस्थान समाचार या दुसऱ्या वृत्तसंस्थेशी करार केला. एप्रिल २०२४ मध्ये, ऐन लोकसभा निवडणुकीत, डीडी न्यूजचं बोधचिन्ह लालाचं भगवं झालं. यावर बाकावर दोन तट पडले, एक जण आठवडाभर रुसून दुसऱ्या बागेत फिरायला गेला. मला विचाराल तर एप्रिलातली कात्री आणि ऑक्टोबरातलं थेट प्रक्षेपण ही एकाच नळाची तोटी. एकाने बंद केली, दुसऱ्याने उघडली. तोटीवर हात कोणाचा, एवढाच प्रश्न.

आणि रेडिओपुरतं पाहिलं तर पर्यायही नाही. खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी आहे. हव्या तर आकाशवाणीच्याच बातम्या त्यांनी पुन्हा ऐकवाव्यात. पुण्यात एवढी एफएम केंद्रं, पण बातमी म्हटली की एकच आवाज.

आता ते राहिलेलं. जून २०२३. पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातमीपत्रं छत्रपती संभाजीनगरहून द्यायची, असा प्रसार भारतीचा आदेश निघाला. इथे वृत्तविभागाचा अधिकारी नेमलेला नाही, हे कारण. पुण्यात जो गदारोळ उठला तो बऱ्याच वर्षांनी. सगळ्या पक्षांचे पुढारी एका सुरात बोलले, ही तर ‘गीत रामायणा’नंतरची पहिलीच वेळ असावी. दोन दिवसांत मंत्री अनुराग ठाकूर यांनी निर्णयाला स्थगिती दिली. १९३१ चा प्रयोग तंतोतंत. फक्त एक गोष्ट कोणी विचारली नाही: निर्णय स्वायत्त महामंडळाचा होता, तर तो मंत्र्याने कसा थांबवला? आपल्याला हवं ते झालं होतं, मग कोण विचारतो.

आपल्या मंडळानेही तेव्हा एक पत्र धाडलं. त्या पत्राचा कच्चा खर्डा मी वडिलांच्या परवान्याच्या पुस्तकात ठेवला आहे. हा लेख लिहायला घेतला तेव्हा तो उघडून पाहिला. तीन मुद्दे होते. पहिला, पुण्याच्या बातम्या पुण्याहूनच व्हाव्यात. दुसरा, रिकामी पदं भरावीत. तिसरा वहिनींनी सुचवलेला: बातमीपत्रांत कोणत्या पक्षाला आणि कोणत्या मंत्र्याला किती वेळ मिळाला, याचा हिशेब केंद्राने दर महिन्याला जाहीर करावा. पहिल्या दोन मुद्द्यांखाली बाकावरच्या सगळ्यांच्या सह्या आहेत. तिसऱ्यावर लाल शाईची आडवी रेघ आहे आणि समासात लिहिलंय, “राजकारण नको.” अक्षर माझं आहे.